माक्स नेटलाऊ

माक्स नेटलाऊ (३० एप्रिल १८६५ – २३ जुलै १९४४) हे अराज्यवादी चळवळीचे इतिहासकार, चरित्रकार आणि कागदपत्रांचे संग्राहक होते. त्यांचा जन्म ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळील नॉयवाल्डेग येथे झाला, तर मृत्यू नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथे. राज्यसंस्थेची सक्ती नाकारून स्वेच्छेच्या सहकार्यावर समाजरचना उभारावी, असे अराज्यवाद मानतो. या विचाराच्या अनुयायांना स्थायी मध्यवर्ती कार्यालय नव्हते. त्यांची वृत्तपत्रे वारंवार बंद पाडली जात आणि कार्यकर्ते कधी तुरुंगात, तर कधी परागंदा असत. साहजिकच त्यांचे कागद जपण्याची व्यवस्थाही नव्हती. ही उणीव नेटलाऊ यांनी जवळजवळ एकट्याने भरून काढली. त्यांचे स्नेही रूडोल्फ रोकर यांनी लिहिलेल्या चरित्राच्या शीर्षकात त्यांना अराज्यवादाचा हिरॉडोटस म्हटले आहे.

शिक्षण आणि चळवळीशी संबंध

नेटलाऊ यांचे वडील व्यवसायाने उद्यानपाल होते. नेटलाऊ यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि वेल्श भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. हा प्रबंध १८८७ साली लाइपझिग येथे प्रसिद्ध झाला. वेल्श हस्तलिखिते पाहण्यासाठी ते १८८५ पासून लंडनला जाऊ लागले. ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यास करीत असतानाच ते कवी विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सोशालिस्ट लीगचे सभासद झाले. पुढे लंडनमधील 'फ्रीडम' या अराज्यवादी नियतकालिकाच्या गटाशी त्यांचा संबंध आला. प्यॉत्र क्रपोत्किन, एर्रीको मालातेस्ता आदी नेत्यांशी त्यांचा परिचय झाला. हस्तलिखिते ताडून पाहण्याची, पाठभेद नोंदवण्याची भाषाशास्त्रज्ञाची सवय त्यांनी आता राजकीय इतिहासाच्या साधनांकडे वळवली.

बाकुनिन यांचे चरित्र

रशियन क्रांतिकारक मिखाईल बाकुनिन यांचे १८७६ साली निधन झाले. तत्पूर्वी, १८७२ च्या हेग परिषदेत, कार्ल मार्क्स यांच्या गटाने त्यांना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून काढून टाकले होते. त्यानंतर बाकुनिन यांची प्रतिमा बव्हंशी त्यांच्या विरोधकांच्या लेखनातून घडत गेली. त्यांची स्वतःची पत्रे आणि अपूर्ण हस्तलिखिते अनेक देशांतील मित्रांकडे विखुरलेली होती. ज्यांनी बाकुनिन यांना प्रत्यक्ष पाहिले होते, ती पिढीही वृद्ध होत चालली होती.

नेटलाऊ यांनी स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स व इतर देशांत फिरून या माणसांच्या आठवणी टिपल्या आणि कागद मिळवले. १८९५ साली पॅरिसमध्ये त्यांनी बाकुनिन यांच्या लेखनाचा एक खंड संपादित केला. १८९६ ते १९०० या काळात त्यांनी बाकुनिन यांचे तीन भागांतील जर्मन चरित्र सिद्ध केले. एवढ्या विस्तृत ग्रंथाला प्रकाशक मिळण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्याच्या केवळ ५० प्रती काढून निवडक ग्रंथालयांत ठेवल्या. वाचकसंख्या अत्यल्प असूनही बाकुनिनविषयक पुढील संशोधनाचा पाया याच ग्रंथाने घातला. अराज्यवादी वाङ्मयाची त्यांनी तयार केलेली सूची १८९७ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रसिद्ध झाली. तिला भूगोलज्ञ एलिझे रेक्ल्यू यांची प्रस्तावना आहे.

संग्रह

वडिलांकडून वारशाने मिळालेल्या पैशामुळे नेटलाऊ यांना नोकरी करावी लागली नाही. राहणी साधी ठेवून ते तो पैसा पुस्तके, वृत्तपत्रांचे अंक, जाहीरनामे आणि पत्रव्यवहार जमवण्यात खर्च करीत. सभेत वाटले जाणारे आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारे एकपानी पत्रकही त्यांनी ऐतिहासिक साधन मानले. अराज्यवाद्यांबरोबरच इतर समाजवादी व क्रांतिकारक पंथांचे वाङ्मयही त्यांनी गोळा केले. हळूहळू हा संग्रह युरोपातील अनेक शहरांत ठेवावा लागला.

पहिल्या महायुद्धाने हे जीवन मोडून टाकले. युद्धकाळात ते व्हिएन्नात अडकून पडले आणि परदेशात ठेवलेल्या साहित्याशी त्यांचा संपर्क तुटला. युद्धानंतर ऑस्ट्रियात झालेल्या प्रचंड चलनफुगवट्यात त्यांची संपत्ती मातीमोल झाली. न्यूयॉर्क, ब्युएनोस आयरेस आणि बार्सेलोना येथील अराज्यवादी नियतकालिकांसाठी लेख लिहून ते उदरनिर्वाह करू लागले.

इतिहासलेखन

याच हलाखीच्या काळात त्यांचे सर्वांत महत्त्वाचे लेखन झाले. मालातेस्ता यांचे चरित्र १९२२ मध्ये, तर रेक्ल्यू यांचे चरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. अराज्यवादाच्या बृहद् इतिहासाचे तीन खंड बर्लिनमध्ये अनुक्रमे १९२५, १९२७ आणि १९३१ साली निघाले. उर्वरित भाग हस्तलिखितातच राहिला. त्यांपैकी काही खंड त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी छापले गेले. या विषयाचा त्यांनी लिहिलेला संक्षिप्त इतिहास १९३५ मध्ये स्पॅनिश भाषेत प्रकाशित झाला.

नेटलाऊ स्वतः अराज्यवादी होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. तथापि चळवळीतील कोणत्याही एका आर्थिक पंथाचा कैवार त्यांनी घेतला नाही. भावी समाजाची अर्थव्यवस्था कशी असावी, याविषयीच्या सर्व योजना ही केवळ गृहीतके असून अनुभवानेच त्यांची पारख होईल, अशी त्यांची भूमिका होती.

संग्रहाचे हस्तांतर

उतारवयात या संग्रहाचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. खाजगी घरांत व भाड्याच्या जागांत तो सुरक्षित राहणार नव्हता आणि तो सांभाळण्याचा खर्चही त्यांना झेपत नव्हता. दीर्घ वाटाघाटींनंतर १९३५ मध्ये त्यांनी तो ॲम्स्टरडॅम येथे नव्याने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेला विकला. अर्थेतिहासकार एन. डब्ल्यू. पोस्थुमुस हे या संस्थेचे संस्थापक होते. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. तेव्हा संस्थेच्या ग्रंथपाल ॲनी आडामा फान स्खेल्तेमा यांनी व्हिएन्नातून बाकुनिन यांची हस्तलिखिते बाहेर काढली. नेटलाऊ हेही ॲम्स्टरडॅमला स्थायिक झाले आणि स्वतःच जमवलेल्या साहित्याची वर्गवारी करू लागले.

अखेरची वर्षे

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदरलँड्स व्यापले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संस्था बंद करण्यात आली. तिच्या संग्रहाचा मोठा भाग नाझींनी पुढे जर्मनीकडे हलवला. काही मौल्यवान कागदपत्रे मात्र आक्रमणापूर्वीच इंग्लंडला पाठवण्यात आली होती. जे कागद जपण्यात नेटलाऊ यांचे आयुष्य गेले, त्यांच्याजवळ जाणेही आता त्यांना शक्य नव्हते. नाझी अधिकाऱ्यांचे लक्ष या वृद्ध विद्वानाकडे गेले नाही. ते शहरातच राहून आत्मकथनपर लेखन करीत राहिले. जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

नेटलाऊ यांची शैली तपशिलांनी जड झालेली असून त्यांचे ग्रंथ सामान्य वाचकास सहज वाचवत नाहीत. मात्र अराज्यवादावर नंतर लिहिणाऱ्या अभ्यासकांना, मग ते त्या विचाराचे समर्थक असोत वा टीकाकार, त्यांनी जमवलेल्या साधनांचा आधार घ्यावा लागला आहे. युद्धानंतर लुटलेल्या साहित्यापैकी बराचसा भाग ॲम्स्टरडॅमला परत आला. तो पाहायला नेटलाऊ हयात नव्हते. १९६१ पासून आर्थर लेनिंग यांच्या संपादनाखाली बाकुनिन यांच्या लेखनाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले, तेही बव्हंशी याच संग्रहाच्या बळावर.