विषाणूचा मुक्काम ओळखणारे बर्नेट

तापानंतर ओठाच्या कडेला बारीक, पाण्याने भरलेले फोड उठतात, आठ-दहा दिवसांत सुकतात आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येतात. हे काम हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे. (नागीण हा वेगळ्या विषाणूचा आजार आहे.) १९३० च्या सुमारास डॉक्टरांना एक कोडे पडले होते. ज्यांना हे फोड वारंवार येत, त्यांच्याच रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडत. प्रतिपिंडे संरक्षण देतात, तर मग आजार परत का येतो?

हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा होता फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांचा. ३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑस्ट्रेलियातील ट्रॅरलगन गावात, बँक व्यवस्थापकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलगा लाजाळू. भुंगेरे गोळा करण्यात रमणारा. मेलबर्नला डॉक्टर झाल्यावर त्यांना रुग्णसेवा करायची होती, पण वरिष्ठांना त्यांचा स्वभाव प्रयोगशाळेला अधिक योग्य वाटला. लंडनमधील अभ्यासानंतर ते मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत परतले आणि १९४४ मध्ये तिचे संचालक झाले.

गर्भ वाढत असलेल्या कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवण्यात त्यांचा हातखंडा होता. विषाणूमुळे अंड्याच्या आतल्या पडद्यावर ठिपके उमटत. रक्तद्रव मिसळल्यावर ठिपके कमी झाले, की त्या रक्तात प्रतिपिंडे आहेत असे कळे. १९३९ मध्ये बर्नेट व सहकाऱ्यांनी हर्पिसचे चित्र स्पष्ट केले. लहान मुलांचे तोंड येते, त्यातल्या काही आजारांत हाच विषाणू असतो. सुरुवातीला मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे नसतात, बरे झाल्यावर ती दिसू लागतात. विषाणू मात्र शरीर सोडत नाही. तो आयुष्यभर मुक्काम ठोकतो आणि ताप, उन्हासारखे निमित्त मिळताच डोके वर काढतो. म्हणजे प्रतिपिंडे ही विषाणू गेल्याची नव्हे, तो शरीरात शिरल्याची खूण आहे.

लोकांच्या भीतीला पुराव्याने उत्तर देणे हा बर्नेट यांचा स्वभाव होता. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव रोखण्यासाठी मिक्सोमा विषाणू सोडला गेला. त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोक घाबरले. तेव्हा बर्नेट यांनी दोन सहकाऱ्यांसह तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९६० मध्ये त्यांना पीटर मेडावर यांच्यासोबत नोबेल मिळाले. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निष्कर्षाची गरज आजही भासते. नवरा-बायकोपैकी एकाच्या अहवालात 'हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह' दिसले, की घरात संशय शिरतो. पण संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून, हे ही तपासणी सांगत नाही. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. टाइप १ बहुतेकांना बालपणीच, घरातल्या मायेच्या पाप्यांतून मिळतो. टाइप २ प्रामुख्याने लैंगिक संबंधातून पसरतो. दोन्ही प्रकार वेगळे न दाखवणाऱ्या अहवालावरून कोणावर बोट ठेवणे चूक ठरते. टाइप २ चा अहवाल काठावरचा असेल, तर तो चुकीने पॉझिटिव्ह असू शकतो, म्हणून वेगळ्या पद्धतीने खात्री करावी लागते. आयजीएम तपासणीही भरवशाची नाही, जुना संसर्ग उफाळल्यावरही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट, संसर्ग ताजा असेल तर काही आठवडे प्रतिपिंडे सापडतच नाहीत.

फोड असेल तर त्यातील द्रवाची पीसीआर तपासणी सर्वांत उपयोगी ठरते, आणि तीही फोड ताजा असतानाच. काहीच त्रास नसताना केवळ धास्तीपोटी रक्त तपासून घेऊ नये. अहवाल हाती असेलच, तर घरात वाद घालण्याआधी तो डॉक्टरांना दाखवावा.