खोक्यांत सुट्ट्या पार्टनं आलेली जुनी ऑस्टिन जोडली आणि त्यातून मॅकलारेन घडला

अष्टविनायक यात्रा मोरगावपासून सुरू करायची, ही रीत. आणि निघायच्या आदल्या दिवशी गाडीचं ऑइल, चाकातली हवा आणि ब्रेक तपासायचे, ही घरातल्या जाणत्या माणसाची रीत. साध्या प्रवासाला एवढं, मग जुनी गाडी रेसच्या ट्रॅकवर उतरवायची तर किती?

हे ज्याच्या आयुष्यावरून कळतं, तो माणूस म्हणजे ब्रूस मॅकलारेन. आज फॉर्म्युला वनमध्ये दिसणारं मॅकलारेन हे नाव त्याचंच.

जन्म ३० ऑगस्ट १९३७, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. वडील लेस यांचा पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं. पोरगं पान्या-स्क्रूड्रायव्हरमध्येच वाढलं. नऊ वर्षांचा असताना त्याला खुब्याच्या हाडाचा आजार झाला. जवळपास दोन वर्षं तो अंथरुणाला खिळून होता. डावा पाय कायमचा आखूड राहिला.

तेरा-चौदाव्या वर्षी वडिलांनी घरी एक गाडी आणली. १९२९ ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर, तीही सुट्ट्या पार्टमध्ये. इंजिन ७४७ सीसी, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. वडिलांना ती विकायची होती, पण ब्रूसनं हट्ट धरला आणि गाडी घरातच राहिली. बापलेकांनी जवळपास वर्षभर खपून ती उभी केली.

काम सोपं नव्हतं. या गाडीचे ब्रेक तारांनी ओढले जायचे. ताण कमी-जास्त झाला की चाकं सारखी धरत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते. क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन बेअरिंगचा, त्यामुळे इंजिन जास्त पळवलं की तो लवतो. म्हणून जुन्या गाडीत क्रम ठरलेला असतो: आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग पिकअप.

परसातल्या झाडांभोवती फेऱ्या मारत ब्रूस शिकला आणि मुरीवाईच्या चढाच्या रेसमध्ये त्यानं हीच ऑस्टिन पळवली.

पुढं गोष्टी भराभर घडल्या. १९५८ मध्ये स्कॉलरशिपवर युरोप. डिसेंबर १९५९ मध्ये, २२ व्या वर्षी, अमेरिकन ग्रँड प्री जिंकली. १९६३ मध्ये स्वतःची टीम काढली. १९६६ मध्ये ख्रिस एमनसोबत फ्रान्समधली ल माँची २४ तासांची रेस मारली. १९६८ मध्ये बेल्जियमला स्वतःच्याच नावाच्या गाडीतून जिंकला.

२ जून १९७०. इंग्लंडमधल्या गुडवूड ट्रॅकवर तो नव्या गाडीची टेस्ट घेत होता. भर वेगात मागच्या बॉडीचा भाग सुटून उडाला. हवेच्या दाबानं गाडी रस्त्याला दाबून धरायचं काम तोच भाग करत होता. गाडी ताब्यातून गेली. ब्रूस जागीच गेला, वय ३२.

गाडी कोरी होती आणि चालवणारा नटबोल्टात वाढलेला होता, तरीही हे झालं. तुम्ही जुनी गाडी ट्रॅकवर नेणार असाल, तर बॉनेट, डिकी, बंपर, चाकांचे नट, जे जे सुटू शकतं ते प्रत्येक फेरीआधी हातानं हलवून बघा.

ब्रूसची ती ऑस्टिन आजही इंग्लंडमध्ये वोकिंगला, मॅकलारेनच्या मुख्यालयात जपून ठेवली आहे.