रमण राघव

रमण राघव (१९२९ – १९९५) हा १९६०च्या दशकात मुंबईत अनेक खून करणारा गुन्हेगार होता. तो सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशा नावांनीही ओळखला जाई.

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यांपैकी ९ जण मरण पावले. त्या वेळी पोलिसांनी राघवला पकडले होते, परंतु पुराव्याअभावी सोडून दिले. १९६८ मध्ये हत्यासत्र पुन्हा सुरू झाले. बोथट, जड वस्तूने डोक्यावर प्रहार करणे ही त्याची पद्धत होती. उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास चालू असताना ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून ताब्यात घेतले. त्याने ४१ खुनांची कबुली दिल्याचे सांगितले जाते. मात्र खटला मालाड येथील दोन खुनांपुरताच चालला.

== मानसिक अवस्था ==

एकापाठोपाठ खून करणारा माणूस असामान्य बुद्धीचा, डावपेच आखणारा असतो, हा समज राघवला लागू पडत नाही. दीर्घकाळ न सापडण्यामागे त्याच्या चातुर्यापेक्षा बळींची परिस्थिती अधिक कारणीभूत दिसते : ते उघड्यावर झोपणारे गरीब होते. असा प्रत्येक खुनी मनोरुग्ण असतो, हा समजही चुकीचा आहे. बहुतेकांना आपल्या कृत्याचे स्वरूप पुरते कळत असते आणि छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनिया) बहुसंख्य रुग्ण कधीच हिंसा करीत नाहीत. राघव या बाबतीत अपवाद ठरतो.

१९६९ मध्ये सत्र न्यायालयात पोलीस शल्यचिकित्सकांनी तो मनोरुग्ण नसल्याचे मत दिले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील करण्यास नकार दिला. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. आपले लिंग बदलण्याचा कट चालू आहे, आपण कायद्याचे प्रतिनिधी आहोत, अशा त्याच्या दृढ भ्रमांवरून मंडळाने जुनाट संशयी छिन्नमनस्कतेचे निदान केले. खून करणे म्हणजे काय हे त्याला कळत होते. पण ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे, हे उमगत नव्हते. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मधील हा भेद येथे निर्णायक होता. तरीही त्याची निर्दोष मुक्तता झाली नाही. फाशीऐवजी जन्मठेप देण्यात आली.

पुण्याच्या येरवडा कारागृहात असताना त्याच्यावर उपचार झाले, परंतु आजार बरा झाला नाही. १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. २०१६ चा हिंदी चित्रपट रमन राघव २.० हा त्याचे चरित्र नाही; त्यातील कथानक काल्पनिक व आधुनिक काळातील आहे.