पेन टॅबलेटची सुरुवात आणि अजिंठ्याचा मेजर गिल

पेन टॅबलेटवर पहिलं वर्तुळ काढाल ना, ते बटाट्यासारखं येईल. माझं आलं होतं. मी देवगाव रंगारीचा, तालुका कन्नड. गावाच्या नावातच रंगारी आहे, पण मी शिकलो इंजिनिअरिंग आणि पोट भरतो कोड लिहून. घरून काम करताना संध्याकाळी हाताला काहीतरी वेगळं पाहिजे म्हणून सहा बाय चार इंचाचा, स्क्रीन नसलेला, सगळ्यात स्वस्तातला पेन टॅबलेट मागवला. पहिला आठवडा नुसती चिडचिड झाली. हात टेबलावर, नजर स्क्रीनवर आणि दोघांचं एकमेकांशी जमेना.

मग ठरवलं की मनानं काही काढायचंच नाही, आधी दुसऱ्याचं बघून काढायचं. आमच्या जिल्ह्यात राहून कोणाचं बघायचं हा प्रश्नच नाही. वेरूळ आम्हाला जवळ, पण तिथं खरा खेळ दगडातल्या कोरीव कामाचा. चित्रं अजिंठ्याला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या चित्रांचे चांगले फोटो शोधता शोधता मी एका माणसापाशी येऊन थांबलो. त्यानं हेच काम, म्हणजे बघून काढायचं काम, अजिंठ्यात एकोणीस वर्षं केलं. मेजर रॉबर्ट गिल.

नाव ओळखीचं वाटलं असेल. २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाईंचा ‘अजिंठा’ हा सिनेमा आला होता, ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेवरचा. त्यात गिल आणि पारो यांची प्रेमकहाणी आहे. सिनेमा बघून सगळ्यांना पारो आठवते, ते ठीकच आहे. पण गिल दिवसभर नेमकं काय करायचा, हे सिनेमात थोडक्यात उरकतं. मला त्यातच जास्त रस होता.

गिलचा जन्म १८०४ चा, इंग्लंडमधला. विशीतच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाला. चित्रकला त्याच्या हातात होती, पण नोकरी बंदुकीची. तो भारतात आला तेव्हा अजिंठ्याची बातमी इंग्रजांना लागून फार वर्षं झाली नव्हती. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा एक लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या त्या घळीत आला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात एका खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. याला लेण्यांचा शोध म्हणतात. आसपासच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊकच होती, फक्त त्यांनी खांबावर नाव लिहिलं नाही, एवढाच फरक.

पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकानं १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. त्याची काळजी अशी होती की भिंतीवरची चित्रं झपाट्यानं जाताहेत. पाणी झिरपतंय, वटवाघळं आहेत, आणि येणारे-जाणारे पाहुणे रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे आठवण म्हणून उपटून नेताहेत. चित्रं जाण्याआधी कोणीतरी त्यांच्या प्रती करून ठेवल्या पाहिजेत. सोसायटीनं कंपनीकडे लकडा लावला आणि १८४४ मध्ये हे काम मद्रास फौजेतल्या कॅप्टन गिलकडे आलं. त्याचं वय तेव्हा चाळीस.

आता जरा विचार करा, प्रत करायची म्हणजे काय. आज आपण फोन काढतो, एक फोटो, विषय संपला. फोटोग्राफी जगाला जाहीर झाली होती १८३९ मध्ये, म्हणजे जेमतेम पाच वर्षांपूर्वी, आणि तीसुद्धा कृष्णधवल. रंगासकट प्रत हवी असेल तर रस्ता एकच. ब्रश हातात घ्यायचा, भिंतीसमोर उभं राहायचं, वर बघायचं, खाली कॅनव्हासवर काढायचं, परत वर बघायचं.

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे, ही पेन टॅबलेटची तक्रार मी करत होतो. पण बघून काढणाऱ्या प्रत्येक चित्रकाराचं आयुष्यच तसं जातं! फरक एवढाच की त्याला हात बघायची मुभा असते, आपल्याला ती सोडावी लागते. त्यामुळे नवीन लोकांना माझा पहिला सल्ला हाच, की पहिले पंधरा दिवस टॅबलेटकडे बघायचंच नाही. कर्सर बघायचा. स्क्रीनवर दोन ठिपके द्यायचे, एका दमात रेघ मारून ते जोडायचे, रोज शंभर वेळा. कंटाळवाणं आहे, पण दहाव्या-बाराव्या दिवशी हात आपोआप कर्सरमागे जायला लागतो.

दुसरी भानगड मापाची. टॅबलेटची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचं प्रमाण सारखं नसेल, तर तुम्ही गोल काढता आणि स्क्रीनवर अंडं उमटतं. माझ्या बटाट्यात अर्धा दोष माझा होता, अर्धा याचा. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रमाण सारखं ठेवायचा पर्याय चालू करा. फोनला ओटीजी केबलनं टॅबलेट जोडणाऱ्यांनी तर आधी हे पाहाच. फोन उभा धरला की बऱ्याच टॅबलेटचा फक्त एक पट्टा काम करतो, बाकीचा भाग मेल्यासारखा पडून असतो. तो बिघडलेला नसतो.

गिलचं माप मात्र भिंतीचं होतं. त्याचे कॅनव्हास प्रचंड, तैलरंगातले. मूळ चित्रं मातीच्या आणि चुन्याच्या वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे बहुतेक रंग साधे, आणि निळ्यासाठी लांबून आणलेला लाजवर्द. त्यांना चकाकी नाही. तैलरंग चकाकतो. म्हणजे गिलचं साधन मूळ साधनासारखं नव्हतंच. माझं मत विचाराल तर त्याच्या चित्रांत अजिंठ्याचा मऊपणा थोडा कमी होतो आणि युरोपातल्या तैलचित्राचं वजन येतं. पण त्याला येत होतं त्या साधनानं त्यानं केलं. मीही अजून प्लास्टिकच्या पेननं कुंचल्याची रेघ काढायचा प्रयत्न करतोय, तेव्हा फार बोलू नये.

तो राहायचा अजिंठा गावात, घाटाच्या वर, एका बारादरीत. लेणी घाटाखाली, रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर. मुलूख निजामाचा, जंगल दाट, वाघ भरपूर. गिल स्वतः नावाजलेला शिकारी होता. उन्हाळ्यात ती घळ तापते, पावसाळ्यात ओल आणि हिवताप. आत उजेड कमी. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या अशा ज्या लेण्यांत चित्रं जास्त शिल्लक होती, तिथं त्याचं काम चालायचं. चित्र पूर्ण झालं की गुंडाळून बंदरापर्यंत आणि तिथून जहाजानं लंडनला. सुएझ कालवा उघडला १८६९ मध्ये, गिलची चित्रं त्याआधीच गेलेली. अशी सुमारे तीस मोठी चित्रं त्यानं पाठवली.

पारो याच काळातली. गिलला इंग्रज पत्नी होती, मुलं होती, आणि तरी अजिंठ्यात तो पारोसोबत राहिला. तिच्याबद्दल कवितेत आणि सिनेमात पुष्कळ आहे. दगडावर एवढंच आहे की ती २३ मे १८५६ ला गेली. तो दगड गिलनं बसवला आणि त्यावर तिचं नाव कोरून घेतलं. तिची कबर आजही अजिंठा गावात आहे.

१८५६ च्याच सुमारास गिलच्या हातात कॅमेरा आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर ब्रश धरलेला, आणि त्यानं नवीन यंत्र शिकायला घेतलं. सोपं यंत्र नव्हतं. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन पसरायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे अंधारी खोली सोबत बाळगायची. गिलनं दोन भिंगांचे स्टिरिओ फोटो काढले. दोन डोळ्यांना दोन थोडी वेगळी चित्रं दाखवायची, मेंदू त्यातून खोली तयार करतो. तुमच्या व्हीआर हेडसेटमागचं तत्त्व हेच. त्याचे हे फोटो फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपात निघाले.

मग कॅमेरा आल्यावर ब्रश का नाही ठेवला? तर रंगांसाठी. कोलोडियनला मुख्यतः निळा प्रकाश दिसतो. लाल आणि पिवळं त्याला जवळजवळ काळं. आणि अजिंठ्याची चित्रं म्हणजे गेरू आणि पिवळ्या मातीचा दरबार. कॅमेऱ्यानं खांब, कमानी, मूर्ती छान टिपल्या, चित्रांना मात्र ब्रशच लागला. गिल १८६३ पर्यंत काम करत राहिला.

लंडनला गेलेली बहुतेक चित्रं सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला टांगली होती. लोखंड आणि काचेची ती प्रसिद्ध इमारत. ३० डिसेंबर १८६६ ला तिथं आग लागली आणि तिथली गिलची सगळी चित्रं जळाली. जी चार-पाच त्या वेळी तिथं नव्हती तेवढी वाचली, ती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. बाकीच्यांपैकी काहींची आठवण म्हणून उरले ते मिसेस स्पिअर यांच्या १८५६ च्या पुस्तकातले लाकडी ठशांचे छोटे नमुने. म्हणजे मूळ फाइल गेली, थंबनेल राहिले.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही, कारण माझं नुकतंच तेच झालं होतं. सात महिन्यांची चित्रं, चाळीसेक फाइली, लॅपटॉपच्या एकाच ड्राइव्हवर. एका सकाळी ड्राइव्ह दिसेनाच. दुकानदारानं हात वर केले. व्हॉट्सअॅपवर बहिणीला पाठवलेल्या तीन-चार दाबून लहान झालेल्या इमेज तेवढ्या परत मिळाल्या. लेयर नाहीत, काही नाही. मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला, ऑफिसात दुसऱ्यांना बॅकअपवर भाषण देतो, तरी माझी ही गत. आता तीन प्रती ठेवतो, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर. लेयरवाली मूळ फाइल ठेवतो. नुसती जेपीजी ठेवून उपयोग नाही.

लेयरचंही एक आहे. नंतरच्या काळात प्रती करताना रेषा ठळक दिसाव्यात म्हणून अजिंठ्याच्या मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं. क्षणभर रंग उजळले, मग व्हार्निश पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, आणि ते काढताना पुढच्या पिढ्यांची दमछाक झाली. भिंतीला अनडू नाही. आपल्याकडे आहे. ज्याच्यावरून काढायचं तो फोटो सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवा, त्याला कुलूप लावा, पारदर्शकता तीस टक्क्यांवर आणा आणि रेघ वरच्या वेगळ्या लेयरवर मारा. क्रिटा फुकट आहे, लॅपटॉपवर उत्तम चालतं. फोनवर आयबिस पेंट पुरतं. हात थरथरत असेल तर स्टॅबिलायझर थोडा वाढवा. फार वाढवलात तर रेघ रबरासारखी मागून येते आणि तुमचा हात काही शिकत नाही.

प्रेशरच्या आकड्याच्या मागेही फार लागू नका. खोक्यावर ८१९२ लेव्हल लिहिलेलं असतं. पेनमध्ये बॅटरी नसते. टॅबलेटमधल्या तारांच्या जाळीतून चुंबकीय लहर निघते, पेनमधली कॉइल ती परत पाठवते, त्यातून जागा आणि दाब कळतो. दाबाचा आलेख मात्र आपल्या हातानुसार बदलून घ्या. माझा हात जड, त्यामुळे निबा भराभर झिजायच्या. आलेख सैल केला आणि निब टिकायला लागली.

गिलच्या चित्रांना आग लागल्यावर काम परत पहिल्यापासून सुरू झालं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतलं मोठं नाव. त्यांच्या प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये गेल्या आणि १८८५ मध्ये तिथंही आग लागली. बऱ्याच प्रती गेल्या. खोटं वाटेल, पण असंच झालं. ग्रिफिथ्सचं दोन खंडांचं पुस्तक १८९६-९७ मध्ये निघालं म्हणून पुष्कळ काही हाती राहिलं. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी १९३० पासून रंगीत छायाचित्रांचे चार खंड काढले. आणि दोनदा लंडनला पोचून जळालेल्या प्रतींची मूळ चित्रं अजून अजिंठ्याच्या भिंतीवर आहेत, झिजलेली, पण आहेत.

ग्रिफिथ्स पहिल्यांदा आले तेव्हा गिल हयात होता. दोन दशकं खपून केलेलं काम जळाल्यालाही काही वर्षं झाली होती. तरी तो मायदेशी परत गेला नाही. एप्रिल १८७९ मध्ये तो आजारी पडला. उपचारासाठी त्याला भुसावळकडे नेत होते, पण त्या प्रवासात तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी सिल्लोडमार्गे अजिंठ्याला गेलो. आत फ्लॅश लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहून वहीत पेन्सिलनं त्याचा कमळ धरलेला हात काढला. घरी येऊन तो टॅबलेटवर उतरवायला घेतला. रेघ आता थरथरत नाही. बोटं अजून जमत नाहीत, त्यांचा लेयर मी चौथ्यांदा लपवून ठेवलाय. पुसलेला नाही.