बटाट्यातला इलेक्ट्रॉन आणि कमलाबाई

दोस्तांनो, शाळेतला रासायनिक बंधाचा धडा आठवतोय? सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, आयनिक बंध होतो आणि मीठ तयार! पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, तो सहसंयुज बंध. परीक्षा झाली, आपण विसरलो. पण इलेक्ट्रॉनची अशीच देवाणघेवाण एका मराठी मुलीने बटाट्यात शोधली, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

तिचं नाव कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. जन्म १९११, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात ती बी.एस्सी.ला पहिली आली आणि तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

तुमचा अर्ज असा परत आला असता तर? कमलाने थेट बंगळूर गाठलं आणि रामन यांच्याकडेच दाद मागितली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी नव्हती. तिचं काम बघून मात्र रामन यांचं मत बदललं. तिथे तिने दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांचा अभ्यास केला.

पुढे केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे तिने दाखवलं. या प्रथिनातलं लोह एक इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढे देतं. इथे नवा बंध होत नाही, पण या देवाणघेवाणीवरच पेशींचं श्वसन चालतं. बटाट्याचं आणि आपलंही! १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा.

लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी आणि नीरेतल्या पोषणावर संशोधन केलं. नीरेवरच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला.

१९९८ मध्ये कमलाबाई गेल्या. त्याच वर्षी आपला वाशिम वेगळा जिल्हा झाला. आपल्याकडे तूर पिकते, घरोघरी वरण शिजतं. त्यातल्या प्रथिनांवर संशोधन करायला वाशिमची, रिसोडची, मानोऱ्याची एखादी मुलगी का नको? मुलीला केमिस्ट्री कशाला, असं घरी कुणी म्हटलं, तर आधी ही गोष्ट सांगा. मग फॉर्म भरा.