आमियांच्या वेशीवरील सैनिक : संत मार्टिन

दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा तूरचे बिशप संत मार्टिन यांचा सण साजरा करते. तलवारीने आपला झगा कापून भिकाऱ्याला देणारा तरुण शिपाई, हे त्यांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. झगा कापण्यास क्षणभरच लागला. परंतु त्या क्षणामागे छावणीतील सुमारे तीन वर्षांची दिनचर्या होती. आज आपण त्या दिनचर्येकडे वळू या.

मार्टिन यांचा जन्म चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात सबारिया येथे झाला. आज हे शहर हंगेरीत असून सोम्बाथेय या नावाने ओळखले जाते. त्यांचे बालपण मात्र इटलीतील पाविया येथे गेले. वडील रोमन सैन्यात साध्या शिपायापासून ट्रिब्यून या अधिकारपदापर्यंत चढले होते. आईवडील ख्रिस्ती नव्हते. दहाव्या वर्षी मार्टिन घरच्यांच्या मर्जीविरुद्ध चर्चमध्ये गेले आणि त्यांनी दीक्षार्थी म्हणून स्वीकार करण्याची विनंती केली. एकांतात प्रार्थनामय जीवन जगावे अशी त्यांची ओढ होती. परंतु माजी सैनिकांच्या मुलांनी सैन्यात भरती व्हावे, असा बादशाही हुकूम निघाला. खुद्द वडिलांनीच मुलाला पुढे केले. पंधराव्या वर्षी मार्टिन यांना पकडून बेड्या घालण्यात आल्या व सैनिकी शपथ देण्यात आली.

मनाविरुद्ध मिळालेले ते जीवन त्यांनी कसे जगले? त्यांचे चरित्रकार सल्पिशियस सेव्हेरस यांनी मार्टिन यांना प्रत्यक्ष भेटून चरित्र लिहिले, म्हणून काही बारीकसारीक गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. मार्टिन यांच्या दिमतीला एकच नोकर होता. पण पुष्कळदा ते स्वतःच त्याचे बूट उतरवीत व पुसून स्वच्छ करीत. दोघे एकत्र जेवत आणि वाढण्याचे काम बहुधा मार्टिन करीत. पगारातून रोजच्या अन्नापुरते पैसे ठेवून उरलेले ते आजाऱ्यांवर, उपाशी व उघड्या माणसांवर खर्च करीत. छावणीतील व्यसनांपासून ते दूर राहिले. तरी सोबत्यांना ते परके वाटले नाहीत, उलट अतिशय प्रिय वाटत. अद्याप त्यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता!

अशातच उत्तर गॉलमधील आमियां येथे, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, एक भयंकर हिवाळा आला. थंडीने अनेक माणसे दगावत होती. अशा ऋतूत लोकरी झगा हाच सैनिकाचा आधार. शहराच्या वेशीवर एक उघडा भिकारी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे याचना करीत होता आणि लोक पुढे निघून जात होते. मार्टिन यांच्याजवळ शस्त्रे व अंगावरचा झगा एवढेच उरले होते. बाकीचे आधीच वाटून झाले होते. त्यांनी झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याला दिला व उरलेला पुन्हा अंगावर घेतला. तो विचित्र वेष पाहून काही जण हसले. काही जणांना मात्र मनोमन लाज वाटली, कारण त्यांच्याकडे अधिक असूनही त्यांनी काहीच दिले नव्हते. त्या रात्री मार्टिन यांना स्वप्नात प्रभू येशूचे दर्शन झाले. प्रभूने तोच अर्धा झगा पांघरला होता. अठराव्या वर्षी मार्टिन यांनी स्नानसंस्कार स्वीकारला.

त्यानंतरही सुमारे दोन वर्षे ते सैन्यात राहिले. पुढे वर्म्सजवळ जुलियन याने लढाईपूर्वी शिपायांना बक्षिसी वाटली, तेव्हा मार्टिन यांनी ती नाकारून सुटका मागितली. त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. त्यावर निःशस्त्र होऊन आघाडीपुढे उभे राहण्याची तयारी त्यांनी दाखविली. दुसऱ्याच दिवशी शत्रूने तह मागितला आणि मार्टिन मुक्त झाले. पुढे पॉइटियर्सचे बिशप संत हिलरी यांचे ते शिष्य बनले. इ. स. ३६१ च्या सुमारास त्यांनी लिग्युजे येथे मठवासी जीवन सुरू केले. ३७१ मध्ये ते तूरचे बिशप झाले व ३९७ मध्ये देवाघरी गेले.

त्यांचा झगा फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. झग्यासाठी असलेल्या ‘काप्पा’ या लॅटिन शब्दावरूनच ‘चॅपल’ आणि ‘चॅप्लेन’ हे शब्द आले.

प्रिय वाचकहो, आपल्यालाही नोकरी, पाळी, वरिष्ठांचा हुकूम हे सारे निवडता येतेच असे नाही. मात्र हाताखालच्या माणसाशी कसे वागावे आणि पगारातील किती वाटा दुसऱ्यासाठी काढावा, हे आपण रोज ठरवू शकतो. वेशीवर तलवार उपसणारा मार्टिन यांचा हात नोकराचे बूट पुसण्यास आधीच सरावलेला होता. यंदाच्या सणाला त्यांच्याकडे हीच सवय मागू या.