मुंबईच्या तळ्यांतील अमीबांचे अभ्यासक : हेन्री जॉन कार्टर

एकपेशीय अमीबासदृश जीवांच्या अभ्यासात मुंबईचे नाव ज्यांच्यामुळे जगभर पोहोचले, ते हेन्री जॉन कार्टर हे पेशाने शल्यचिकित्सक होते. 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथाची चित्रे काढणारे व मुंबईतच वैद्यकी केलेले हेन्री व्हँडाइक कार्टर ते हे नव्हेत. या दोघांची गल्लत वारंवार होते.

इंग्लंडमधील बडली सॉल्टर्टन येथे १८ ऑगस्ट १८१३ रोजी जन्मलेले कार्टर १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत मुंबईला आले. १८४४ ते १८४६ या काळात 'पॅलिन्युरस' जहाजावरून अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याच्या सर्वेक्षणात ते सहभागी होते. मुंबईतील तळ्यांमधील स्पंजांचे निरीक्षण करताना त्यांच्या सुट्या पेशी अमीबाप्रमाणे सरकतात, हे त्यांना दिसले. स्पंज वनस्पती की प्राणी, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. म्हणून हे निरीक्षण मोलाचे ठरले. येथील एका स्पंजाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

त्यांच्या आवडीचा खरा विषय मात्र फोरॅमिनीफेरा. अमीबाचे छद्मपाद बोथट असतात. या जीवांचे तंतूंसारखे बारीक, जाळे विणणारे असतात आणि ते बहुधा अनेक कप्प्यांच्या कवचातून बाहेर येतात. या कवचांमुळे फसून दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये त्यांना माखल्यांच्या वर्गात घातले होते. १८३५ मध्ये द्यूजार्दँ यांनी ती चूक दुरुस्त केली. आज अमीबा व फोरॅमिनीफेरा हे दोन दूरचे वंश मानले जातात.

कार्टर यांनी सिंध व अरबस्तानातील अशा कवचांची अंतर्रचना बारकाईने तपासली. सौराष्ट्रातील अशाच कवचांनी भरलेल्या चुनखडीला 'मिलिओलाइट' हे नाव त्यांनीच दिले. मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरलेला पोरबंदरी दगड तो हाच. ही कवचे इतकी हलकी, की जयपूरच्या पश्चिमेस पसरलेल्या थर वाळवंटातही ती वाऱ्याने वाहून आल्याचे गूडी व स्परलिंग यांनी १९७७ मध्ये दाखवले.

१८५९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १८७२ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. त्यांच्या निष्ठेची परीक्षा त्यानंतर झाली. कॅनडातील अतिप्राचीन खडकांत सापडलेले 'इओझून' हे प्रचंड फोरॅमिनीफेरा असून जीवसृष्टीचा तो सर्वांत जुना पुरावा होय, असे डॉसन व कार्पेंटर सांगत होते. डार्विन यांनीही १८६६ मध्ये त्याची दखल घेतली होती. कार्पेंटर हे तर या विषयातील सर्वमान्य अधिकारी. तरीही १८७४ मध्ये कार्टर यांनी ही रचना जीवाश्म नाही, असे जाहीरपणे लिहिले. कार्पेंटर यांनी तीव्र प्रतिवाद केला. पण कार्टर मागे हटले नाहीत.

१८९४ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातील दगडांत तशीच रचना आढळली. उष्णतेने चुनखडीत घडलेला तो खनिजांचा खेळ होता. त्यानंतर वर्षभरातच, ४ मे १८९५ रोजी, कार्टर यांचे त्यांच्या जन्मगावी निधन झाले.